सोनटक्क्यासाठी धरलेले मौन

८ जुलै १८९१

मुंबईहून सिस्टर उर्सुलांची चिठ्ठी. दिवाळीनंतर बोटीने आपल्या देशी जाणार. कायमच्या. गुडघे चालत नाहीत, वरून हुकूमही आला आहे. लिहितात, शेवंती, तुमच्या माझगावच्या परसातून तू ओल्या फडक्यात सोनटक्का आणायचीस. ते फूल आमच्याकडे उगवत नाही. तुझ्या हातचे एक कागदावर काढून दे, बरोबर नेईन. वर्गात तू ते अर्धे टाकून सासरी गेलीस, ते माझ्या अजून मनात आहे.

शेवंती. लग्नात नाव बदलले. आईबाबा गेले, भाऊ गेला. मला शेवंती म्हणणारे माणूस जगात आता एकच उरले आहे, आणि तेही बोटीत बसणार.

दोन वेळा रडले. मग हिशेब केला. सोनटक्का आमच्या परसात पन्हळीखाली माजला आहे. रंगांची पेटी ट्रंकेत आहे. बारीक ब्रश दोन. दिवाळी लांब आहे. एक फूल तर काढायचे. आठ दिवसांचे काम, तेही फार झाले.

९ जुलै

रंगांची पेटी उघडली. हिरव्याचा दगड झाला आहे, बाकीचे ठीक. पेटीखाली सुमतीच्या बाळंतपणातली दुपटी सापडली, कसर लागलेली. ती धुतली. वाळायला ऊन नाही, म्हणून चुलीवर धरली. एक जळाले. चित्र उद्या.

१० जुलै

टाइमटेबल केले. सिस्टर म्हणत, टाइमटेबल नसलेली मुलगी म्हणजे दोरा नसलेली सुई. सकाळी देव, स्वयंपाक, परस. जेवणे आटोपली की चहापर्यंतचा वेळ माझा. भिंतीला चिकटवले.

दुपारी पन्हळ तुंबली. पाणी ओसरीत. टाइमटेबल त्याच भिंतीवर होते, शाई ओघळली. नाहीतरी अक्षर बरे आले नव्हते.

१३ जुलै

सरपण ओले. पापड सादळले. अंगणात शेवाळ, मालन भांडी घेऊन घसरली, बरे की पितळेची होती. मालन म्हणते, बाईसाहेब, भांड्यांचं विचारता, माझ्या कमरेचं कोण विचारणार? तिची कंबर शेकली. दोडक्याचा मांडव कलला, त्याला टेकू दिला. सुमती विचारते, सासूबाई, आज आमटी कसली? सुमती रोज विचारते. आमच्या त्र्यंबकशी लग्न होऊन नऊ वर्षे झाली, पण डाळ कोणती हे तिला माझ्याशिवाय सुचत नाही. मी कौतुकाने सांगते, तो माझा दोष नव्हे, स्वभाव आहे.

दुपारी ब्रश हातात घेतला तोच इकडून हाक आली. चष्मा सापडेना. कपाळावर होता.

१७ जुलै, आषाढी एकादशी

आज मार्ग सापडला. देवानेच दाखवला म्हणायचा.

हौसाबाई आल्या होत्या. शेजारच्या, हवालदारांच्या. म्हणाल्या, वैनी, मी औंदा वांगं सोडलं, कांदा सोडला, पान सोडलं. तुम्ही चातुर्मासात काय सोडणार? मी म्हणाले, अजून ठरवले नाही. त्या म्हणाल्या, ठरवा बाई, नाहीतर मग यमदूत ठरवतो. आणि हसल्या. हौसाबाईंचा विनोद नेहमी यमदूतापर्यंत जातो.

त्या गेल्या आणि डोक्यात लख्ख झाले. मौन! दुपारी रोज एक प्रहर मौन. मौनात कोणी हाक मारत नाही, मारली तरी ओ द्यावी लागत नाही. कुठली डाळ, कुठला चष्मा, सगळे बंद.

रात्रीच्या फराळाला जाहीर केले. इकडून बराच वेळ माझ्याकडे पाहणे झाले. मग विचारणे झाले, तुम्ही? मौन? सुमती खाली पाहून साबुदाणा खात होती, पण तिचे खांदे हलत होते.

हे खोटे व्रत नाही. मौन तर आहेच. जपमाळेऐवजी हातात ब्रश, एवढाच फरक. सिस्टर म्हणत, मन लावून केलेले काम हीच प्रार्थना. म्हणजे मी दोन्ही धर्मांचे पुण्य एका प्रहरात घेणार.

२० जुलै

काय दिवस! मागल्या पडवीत पाट टाकला. समोर परस, पन्हळ, सोनटक्क्याची पाने. कोणी हाक मारली नाही. पावसाचा आवाज आणि मी. कागदाला चारी बाजूंनी समास आखला. सिस्टर म्हणत, समास नसलेले चित्र म्हणजे पदर नसलेले लुगडे. नाही, हे त्या म्हणत नसत, त्यांना लुगडे कुठले. हे मी आत्ता रचले. चांगले जमले.

फूल अजून आलेले नाही, म्हणून समासावर थांबले. उद्या पाने.

२३ जुलै

पाने झाली नाहीत. सुमती पडवीत आली आणि समोर उभी राहून बोलू लागली. म्हणाली, सासूबाई, तुमचं मौन आहे ना, मग एक सांगते, रागावू नका. मोठं तपेलं मी माहेरी पाठवलं, मुंज आहे. आणि लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला. आणि मुलाला तुमच्या आजोळचं नाव ठेवायचं नव्हतं मला. कधीच.

मी ब्रश उगारला. ती म्हणाली, तुम्ही रागावला नाहीत, बरं झालं.

२६ जुलै

आज इकडची स्वारी. पेन्शन सुरू झाल्यापासून दुपारी झोप लागत नाही. पडवीत येऊन सांगणे झाले, कल्याणची मंडळी गणपतीला इथे येणार, सहकुटुंब. मी जोरजोराने मान हलवली. नाही, नाही, नाही. इकडून म्हणणे झाले, मौनं संमतिलक्षणम्. आणि पत्र टाकायला जाणे झाले, भर पावसात, छत्री न घेता. चोवीस वर्षे शिरस्तेदारी केली, पण अशी चपळाई मी कधी पाहिली नव्हती.

सोनटक्क्याला कळी दिसते आहे.

३ ऑगस्ट

हौसाबाई आता रोज येतात. म्हणतात, मौनात बसलेल्या बाईजवळ बसलं की अर्धं पुण्य बसणाराला. बसतात आणि बोलतात. हवालदारांचे, सुनेचे, पोटातल्या वायूचे. म्हणाल्या, वैनी, तुमच्यासारखं ऐकणारं माणूस मी जन्मात बघितलं नाही. मधे एक शब्द नाही!

कागद पाटाखाली सरकवून ठेवावा लागतो. डोळे मिटून बसावे लागते. आज खरेच झोप लागली. हौसाबाईंनी गल्लीत सांगितले, वैनींना समाधी लागली.

१० ऑगस्ट

समाधीमुळे आणखी तिघी आल्या. एकीने पायावर डोके ठेवले. एकीने पुढे फुले वाहिली, त्यात माझ्याच परसातली तगर. बोलता येत नाही, म्हणून गप्प.

खरे तर सांगून टाकावे, की बायांनो, मला एक चित्र काढायचे आहे. पण आता सांगणे शोभत नाही. शिवाय त्यांची श्रद्धा मोडेल. दुसऱ्याची श्रद्धा मोडणे हे पाप आहे. मी त्यांच्यासाठीच गप्प बसते आहे.

१४ ऑगस्ट

पहिले फूल उमलले! संध्याकाळी सारे परस वासाने भरले. माझगावची गल्ली आठवली, आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेला दांडा, शाळेची दगडी पायरी. सिस्टर तेव्हा विशीच्या असतील. त्यांनी फूल नाकाशी नेले आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मग मला सांगितले, शेवंती, पांढरे फूल पांढऱ्या कागदावर रंगवायचे नसते. त्याला हात लावायचाच नाही. भोवतालची सावली रंगवायची, फूल आपोआप उरते.

हे आज आठवले आणि फार हलके वाटले. म्हणजे फुलाचे काम तसे झालेलेच आहे. कागद पांढरा आहेच. फक्त भोवतालचे राहिले. चित्र निम्म्याच्या वर पूर्ण, असे धरायला हरकत नाही.

१७ ऑगस्ट

मालनने पन्हळीखाली धामण पाहिली. म्हणते, बाईसाहेब, रान काढलं नाही तर उद्या ती चुलीपाशी बसेल. म्हणून जवळच्या बाळकुमहून धोंडीबा गड्याला बोलावले. सांगितले, उद्या ये आणि पन्हळीखालचे सगळे साफ कर. सोनटक्का ठेव, असे वेगळे सांगितले नाही. सोनटक्का कोणाला कळत नाही?

१८ ऑगस्ट

लिहिण्याची इच्छा नाही. पण डिसिप्लिन.

धोंडीबा सकाळी येणार होता, आला दुपारी. मी मौनात. भोवती हौसाबाई आणि पाच जणी. धोंडीबाने गवत काढले, तेरडा काढला, मग कोयता घेऊन सोनटक्क्याच्या ताटव्यापाशी उभा राहिला आणि माझ्याकडे पाहिले. मी हात हलवला. नको, नको. त्याने मान डोलावली आणि पहिला दांडा तोडला. मी दोन्ही हात हलवले. त्याने दोन्ही बाजूंनी तोडायला सुरुवात केली. मी उठून उभी राहिले, पडवीच्या काठाला आले, हात, मान, पदर, सगळे हलवले. धोंडीबा घाईला आला आणि दुप्पट वेगाने तोडू लागला. हौसाबाई पुटपुटल्या, अंगात आलं गं बाई. आणि सगळ्याजणींनी हात जोडले.

ओरडावे असे मनात आले नाही का? आले. तोंडापर्यंत आले. पण हात जोडून बसलेल्या सहा बायका आणि मी मधे. व्रत कशासाठी धरले ते माझे मला ठाऊक. पण ते मोडले असते तर पाप मात्र खरे लागले असते.

मौन सुटल्यावर धोंडीबाला विचारले. तो म्हणाला, बाय, मना काय ठाव? तुमीच त हात केला, तिकरचा बी काप म्हून. मी म्हणाले, अरे, फुले होती त्यांना! तो म्हणाला, व्हती ना. म्हून त मी तुमाला इचारला.

तोडलेली फुले सगळ्याजणींनी प्रसाद म्हणून घरी नेली. एक माझ्याकडेही ठेवायचे कोणाला सुचले नाही.

२२ ऑगस्ट

विचार केला. झाले ते बरेच झाले. सोनटक्क्याचा गड्डा जमिनीत असतो, तो पुन्हा फुटतो. तोवर पाने काढण्याचा सराव करीन. सराव हाच पाया.

सराव कर्दळीच्या पानावर सुरू केला. कर्दळीवर सुरवंट. कर्दळ साफ केली.

७ सप्टेंबर

गणपती बसले. कल्याणची मंडळी आली. लिहिण्यास फुरसत नाही.

१२ सप्टेंबर

कल्याणची मंडळी अजून आहेत.

१४ सप्टेंबर

कल्याणच्या जावेने विचारले, सुमती सांगत होती तुम्ही दुपारी मौन धरता, मग मोदक कोण वळतं? मी मौनातच मोदक वळले. मौनात मोदक चांगले होतात. सगळ्यांनी पुन्हा मागितले.

२१ सप्टेंबर

मंडळी गेली. घर आवरता आवरता चार दिवस गेले. पंधरवडा लागला आहे, सासऱ्यांची तिथी पुढे आहे. परसात शेवाळ, भोपळ्यावर किडे, विहिरीचा रहाट कुरकुरतो. सिस्टरना पत्र लिहिले, चित्र चांगले चालले आहे. हे खोटे नव्हे. चित्राविषयीचा माझा विचार फारच चांगला चालला आहे.

६ ऑक्टोबर

फुटला! एक दांडा, पन्हळीच्या मुळाशी. टोकाला कळ्यांचा बोंडा. एकच आहे, पण चित्रालाही एकच हवा. मालनला, सुमतीला, इकडे, सगळ्यांना एकेक करून तो दाखवला आणि सांगितले, याला हात लावायचा नाही. सुमती म्हणाली, सासूबाई, काठीला कापड बांधून ठेवा ना, म्हणजे कळेल. मी म्हणाले, त्याची गरज नाही. मला तर ठाऊक आहे.

१९ ऑक्टोबर

उद्या संध्याकाळी उमलणार, कळी टरारली आहे. हौसाबाईंना मौन सुरू होण्याआधीच सांगून ठेवले, उद्या येऊ नका, उद्या कडक मौन आहे, एकांताचे. त्या म्हणाल्या, आता काय गुहेत बसणार वैनी? रंग भिजवले. हिरवाही थोडा सुटला. पेन्सिली तासल्या. पाटावर नवी चटई. मन फार प्रसन्न.

२१ ऑक्टोबर

काल सकाळी देवाची फुले काढली. जास्वंद, तगर, झेंडू. घाई होती, दूध उतू जात होते. परडी देवघरात ठेवली, पूजा झाली, आरती झाली. देवीच्या मस्तकावर काहीतरी पांढरे, लांबट दिसले. म्हटले, वा, किती शोभते.

मग कळले.

मीच. माझ्या हाताने. अर्धवट मिटलेली कळी, दांड्यासकट.

देवाला वाहिलेले परत घेता येत नाही. देवघराच्या दारातून बसून काढावे असे वाटले, पण तिथे अंधार, आणि ती कळी देवीच्या टोपाआड निम्मी. आज निर्माल्य. निर्माल्यावरून काढायला घेतले, तपकिरी पडून गोगलगायीसारखे दिसू लागले.

सुमती काही बोलली असती तर बरे झाले असते.

रात्री वाटले, देवीलाच हवे होते ते. तिच्यापुढे सिस्टरचे काय चालणार.

२५ ऑक्टोबर

नवा विचार. सोनटक्का मला पाहायची गरजच काय? डोळे मिटले तरी दिसतो. चित्र मनावरून काढायचे. आणि ते इथे, पन्हळीच्या आवाजात, काढण्यापेक्षा सिस्टरपाशी बसूनच का काढू नये? बोट १६ नोव्हेंबरला संध्याकाळी आहे. सकाळच्या गाडीने जाईन. त्यांच्या शेजारी बसून, पूर्वीसारखे. हे मी आधीच करायला हवे होते. सिस्टरना पत्र टाकले. इकडून विचारणे झाले, मग इतके दिवस काय चालले होते? मी म्हणाले, तयारी.

३ नोव्हेंबर

दिवाळी. करंज्या बसल्या. अनरसे हसले. सिस्टरचे उत्तर आले, ये, ये, खिडकीपाशी खुर्च्या मांडते.

९ नोव्हेंबर

आज एक नवे संकट. हौसाबाई म्हणाल्या, वैनी, एकादशीला व्रत संपलं की उद्यापन. मौनाच्या उद्यापनाला घंटा दान द्यावी लागते, आणि ब्राह्मणभोजन, आणि आम्ही सगळ्याजणी जेवायला. मला वाटले, थट्टा करतात. भटजींना विचारले. तेही म्हणाले, घंटाच. मौन धरले होते ना, आता वाजवायला नको का? इकडून हसणे झाले, इतके की ठसका लागला.

१३ नोव्हेंबर, द्वादशी

उद्यापन. पुरण माझ्या हातचेच हवे, असे सगळ्यांचे म्हणणे. घंटा पितळेची, मोठी. भटजींनी ती वाजवून पाहिली आणि सगळ्या गल्लीला कळले की मी आता बोलू शकते. सुमतीने त्याच क्षणी विचारले, सासूबाई, उद्या आमटी कसली?

१५ नोव्हेंबर

रंगपेटी, दोन्ही ब्रश, समास आखलेला कागद, सगळे बांधले. सिस्टरसाठी करंज्या. सुमतीला तीन दिवसांच्या आमट्या सांगून ठेवल्या. मालनला परस. धोंडीबाला निरोप पाठवला, मी येईपर्यंत कशालाही हात लावू नको. मन मोकळे आहे. उद्याचा दिवस माझा, फक्त माझा आणि सिस्टरचा. कोणी हाक मारणार नाही.

१६ नोव्हेंबर १८९१, रात्रीची गाडी चुकली, भावजयीकडे मुक्काम

सिस्टर म्हाताऱ्या झाल्या. मला पाहताच म्हणाल्या, शेवंती, आलीस. त्यांच्या खोलीत खिडकीपाशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मधे टेबल, त्यावर पेला भरून पाणी. ब्रश बुडवायला. त्या म्हणाल्या, बस, आपल्याला तीन वाजेपर्यंत वेळ आहे, नंतर गाडी येईल.

मी बसणारच होते. पण कोपऱ्यात त्यांची ट्रंक उघडी होती. कोणीतरी भरली होती, पण काय भरली होती! जाड कपडे वर, काचेची क्रूसमूर्ती तळाशी, पुस्तके उभी, मधे चपला. बोटीत पहिल्या लाटेला सगळ्याचा चुरा झाला असता. मी म्हणाले, सिस्टर, एवढे दोन मिनिटांत नीट करते, मग बसू. त्या म्हणाल्या, राहू दे गं. मी म्हणाले, दोन मिनिटे.

सगळे बाहेर काढल्याशिवाय नीट भरता येत नाही. काढल्यावर दिसले, दोन झग्यांची शिवण उसवली आहे. ती घातली. मोज्यांच्या जोड्या लावल्या. मूर्ती लोकरीत गुंडाळली. ट्रंकेच्या कडीला गंज, तिला तेल हवे, ते शोधायला खाली गेले. वाटेत जिन्यावर कुंड्या वाळलेल्या. त्यांना पाणी घातले. वर आले तेव्हा सिस्टर खुर्चीत तशाच बसलेल्या, माझ्याकडे पाहत. अधूनमधून म्हणत, शेवंती, ये. मी म्हणत होते, हे झालेच. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले, त्यांना बरे वाटते आहे. कोणीतरी आपली ट्रंक इतक्या प्रेमाने भरते आहे.

कुलूप लावले आणि गाडी आली.

त्यांनी कागद मागितला. मी गाठोडे सोडून दिला. त्यांनी समास पाहिला, मधला कोरा भाग पाहिला. कागद दुमडला नाही, आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात सरळ ठेवला. मग माझा गाल थोपटला आणि जिना उतरू लागल्या, एकेक पायरी, कठडा धरून. मी ट्रंकेच्या मागे मागे उतरत होते आणि हमालाला सांगत होते, सांभाळून, आडवी करू नको.

गाडी वळणावरून गेली तरी मी पायरीवर उभी होते. मग आठवले, करंज्या द्यायच्या राहिल्या. त्या घ्यायला पुन्हा वर गेले. खोली रिकामी. खुर्च्या तशाच, समोरासमोर. टेबलावर पेला भरलेला, पाणी सकाळी ठेवले तसेच स्वच्छ.

पाणी खिडकीतून ओतले. पेला धुतला, पदराने पुसला आणि कपाटात पालथा घालून ठेवला.